पायऱ्या मोजा, पाणी कळेल: बारव म्हणजे नेमकं काय?

महाशिवरात्रीच्या रात्री हल्ली फोनवर एक देखणं दृश्य येतं. काळ्या दगडाची चौकोनी बारव, खाली खाली उतरत गेलेल्या पायऱ्या आणि पायरी-पायरीवर पणत्यांच्या रांगा. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात गावोगावच्या तरुणांनी बारवांतली काटेरी झुडपं तोडली, गाळ उपसला आणि हे दीपोत्सव सुरू केले. टपाल खात्यानेही राज्यातल्या आठ बारवांची चित्रं पोस्टकार्डांवर छापली. मग दोनेक महिने जातात, चैत्र-वैशाख तापायला लागतो आणि त्याच जिल्ह्यांतून वेगळी दृश्यं येतात. टँकर, निळे ड्रम, हंड्यांची रांग.

दोन्ही पाहणाऱ्याला साधाच प्रश्न पडतो. जुन्या लोकांनी एवढी पक्की सोय करून ठेवली होती, आता ती साफही झाली, मग पाणी का नाही? याचं उत्तर बारवेच्या चिऱ्यांत शोधून सापडत नाही. त्यासाठी आजूबाजूच्या शिवारात जमिनीखाली काय चाललंय ते पाहावं लागतं. तिथे जाऊच, पण आधी शब्द.

आड, विहीर आणि बारव

वाड्याच्या परसात किंवा घरांच्या दाटीत असतो तो आड. तोंड अरुंद, वरून पोहरा सोडायचा आणि दोर ओढायचा. शेतात असते ती विहीर. ती रुंद, पूर्वी तिच्यावर मोट चालायची, आता पंप. बारव म्हणजे जिच्यात माणूस स्वतःच्या पायांनी उतरून पाण्याला हात लावू शकतो अशी बांधीव विहीर. कुठे तिला पायविहीर म्हणतात, देवळापुढे असली तर कुंड किंवा पुष्करणी. गुजरातेत ती वाव होते, राजस्थानात बावडी, दिल्लीकडे बावली. संस्कृत शब्द वापी. बाराव्या शतकातल्या ‘अपराजितपृच्छा’ या शिल्पग्रंथात वापीचे प्रकार उतरण्याच्या वाटांवरून पाडले आहेत. एका बाजूने उतरता येत असेल तर ती नंदा, दोन बाजूंनी भद्रा, तीन बाजूंनी जया आणि चारही बाजूंनी विजया. नावं ऐकून एकाच घरातल्या चार बहिणी वाटाव्यात.

या कुळातली सगळ्यात प्रसिद्ध वाव बहुतेकांच्या खिशात असते. शंभराची जांभळट नोट उलटून बघा. मागे छापली आहे ती गुजरातेतल्या पाटणची ‘राणी की वाव’. अकराव्या शतकात सोळंकी राजा पहिला भीमदेव याच्या स्मरणार्थ राणी उदयमतीने ती बांधवली. पुढे सरस्वती नदीच्या पुरांनी ती गाळाने भरून गेली आणि कित्येक शतकं जमिनीखाली पडून राहिली. पुरातत्त्व खात्याने १९८० च्या दशकात ती मोकळी केली, तेव्हा आतली शेकडो शिल्पं जवळजवळ कोरी करकरीत निघाली. २०१४ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा ठरवलं. एरवी गाळ हा बारवेचा काळ. इथे त्यानेच राखण केली.

जमिनीखाली तळं नसतं

‘खाली पाणी लागलं’ असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर भूगर्भातलं एखादं काळोखं तळं येतं. तसं काही नसतं. उन्हाळ्यात कोरड्या नदीच्या वाळूत झिरा खणलेला ज्यांनी पाहिलाय त्यांना खरी गोष्ट माहीत आहे. हातभर वाळू उकरली की ओल लागते, आणखी वीतभर गेलं की खड्ड्यात हळूहळू पाणी जमायला लागतं. ते खड्ड्यातून उगवत नाही. वाळूच्या कणांमधल्या फटींत ते आधीपासून होतंच. आपण त्याला गोळा व्हायला जागा करून दिली एवढंच.

फटींमध्ये असं पाणी धरून ठेवणाऱ्या माती-खडकाच्या थराला जलधर म्हणतात. आणि त्या थरात पाणी जिथवर भरलंय ती रेघ म्हणजे भूजलपातळी. या दोन शब्दांवर पुढचं सगळं समजतं.

आता वाळूतला झिरा आणि मराठवाड्यातली बारव यांत एक मोठा फरक आहे. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसॉल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर बसलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरून थंड झाले. भाकऱ्यांची चवड रचावी तसे. भाकरीच्या आत पाणी शिरत नाही. ते राहतं वरच्या कुजलेल्या मुरमात, दगडाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. गुजरातच्या सपाटीवर वाळू-मातीच्या घनफुटात दहा टक्के किंवा त्याहून जास्त पाणी हाती लागतं. आपल्या खडकात ते एक ते तीन टक्के. म्हणजे शंभर घागरींएवढा खडक पिळला तर दोनेक घागरी पाणी.

पायऱ्या कशासाठी?

हा ‘शंभरात दोन’ आकडा लक्षात ठेवा, कारण बारवेच्या पायऱ्यांचं गणित त्यातूनच सुटतं.

समजा एखाद्या गावात वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. बराचसा वाहून जातो, बराचसा पिकं आणि ऊन घेऊन जातात. दहावा हिस्सा खाली मुरला असं धरू. झाले ६० मिलिमीटर. वाटीभरच पाणी. पण ते ज्या खडकात जाऊन बसतं त्यात जागाच शंभरात दोन. त्यामुळे ६० मिलिमीटर पाणी खडकात ३ मीटर, म्हणजे जवळजवळ दहा फूट उंची व्यापतं. पावसाळ्यात पातळी दहा फूट चढते, उन्हाळ्यात तितकीच उतरते. चांगल्या-वाईट वर्षांत आणखी वर-खाली. अरुंद बाटलीत पेलाभर पाणी ओतलं की पातळी सरसर चढते ना, तसं.

अशा ठिकाणी पाण्यापर्यंत पोचण्याची एकच ठरावीक उंची असून भागत नाही. घाट बांधला तर श्रावणात बुडणार आणि चैत्रात वर लटकत राहणार. म्हणून पायऱ्या. पाणी जिथे असेल तिथवर जा. भाद्रपदात चार पायऱ्या, वैशाखात चाळीस. राजस्थानात आभानेरीच्या चांद बावडीत हीच कल्पना टोकाला नेली आहे: तीन भिंतींवर मिळून सुमारे साडेतीन हजार पायऱ्या, तेरा मजले. पाणी कुठल्याही उंचीला असो, एका वेळी शेकडो माणसं त्याच्या काठाशी बसू शकतात.

शिवाय पायऱ्यांमुळे दोर-पोहऱ्याची अट सुटते. वाटसरूजवळ तांब्या असतो, तीस हात दोर नसतो. व्यापारी वाटांवर इतक्या बारवा दिसतात त्याचं हे एक साधं कारण.

आणि गारवा. जमिनीच्या पोटात ऊन-वारा पोचत नाही, म्हणून पाण्याची वाफ कमी होते. कोरड्या मुलखात उघड्या तळ्यातून वर्षाला दीड-दोन मीटर उंचीचं पाणी नुसतं उडून जातं. मेच्या दुपारी एखाद्या खोल बारवेत उतरून बघा. पंधरा-वीस पायऱ्यांवर हवा बदलते, घामाचा चिकटा जातो. शहाण्या लोकांनी तिथे बसायला ओटे आणि कोनाडे केले ते उगाच नाही.

गुजरातेत मजले, इकडे उघडं आकाश

पाटण किंवा अडालजची वाव पाहून आलेला माणूस आपली बारव पाहतो तेव्हा थोडा हिरमुसतो. तिकडे खांबांचे मजल्यावर मजले, इकडे नुसत्या पायऱ्या आणि चार कोनाडे. ‘आपल्याकडे पैसा नव्हता’ असं उत्तर पटकन येतं. माझ्या मते त्याआधी पायाखालची जमीन बघायला हवी.

गुजरातच्या भुसभुशीत जमिनीत साठ मीटर लांबीचा खोल चर खणला तर दोन्ही बाजूंची माती आत कोसळायला बघते. चराच्या भिंती एकमेकींपासून दूर धरायला मध्ये आडवे वासे ठोकतात, तेच काम वावेतले खांब आणि तुळयांचे मजले करतात. शोभा आहेच, पण ती भार उचलणारी शोभा आहे. आपल्याकडे वरचा मुरूम सोडला की खाली खडक लागतो आणि तो बराचसा स्वतःच उभा राहतो. म्हणून इथला कारागीर चिऱ्यांचे टप्पे रचत खाली गेला आणि वर आकाश उघडं ठेवलं. खालच्या थरांत चिऱ्यांच्या सांध्यांत बहुधा चुना भरलेला नसतो. दगड घासून एकमेकांवर बसवलेले. तो निष्काळजीपणा नव्हे; त्या सांध्यांतूनच झरे आत येतात.

अपवाद आहेतच. अमरावती जिल्ह्यात दर्यापूरजवळ महिमापूरला सात मजली पायविहीर आहे. परभणीतल्या वालूरच्या बारवेत पायऱ्या चक्राकार फिरत खाली जातात. गावकऱ्यांनीच ती पुन्हा मोकळी केली. आणि साताऱ्याजवळच्या लिंब गावची ‘बारा मोटांची विहीर’ तर अर्धी विहीर, अर्धा वाडा आहे. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधवली. सुमारे ११० फूट खोल, ५० फूट व्यास, वरून पाहिलं तर शिवपिंडीचा आकार. एका वेळी बारा मोटा. बैलांच्या बारा जोड्या धावेवरून खाली-वर करतायत, नाडे-सोंदूर करकरतायत, थारोळ्यात पाणी धबधबा पडून पाटाला लागतंय; काठावर उभं राहिलं की तो आवाज कल्पनेत तरी ऐकू येतोच. ती पाहायला जाणार असाल तर घाईत जाऊ नका.

कोणी बांधल्या?

उदयमती, वीरूबाई ही नावं आलीच आहेत. अडालजची वाव विक्रम संवत १५५५ मध्ये, म्हणजे इसवी सन १४९८-९९ च्या सुमारास राणी रूडाबाईने पुरी केली. जवळच अहमदाबादेत बाई हरीरची वाव साधारण त्याच काळातली, आणि तिच्यावर संस्कृत आणि अरबी अशा दोन्ही भाषांत लेख आहेत. अहिल्याबाई होळकरांनी बांधलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या बारवा-कुंडांची यादी करायला बसलं तर लेख तिथेच संपेल. वेरूळचं शिवालय तीर्थ त्यांपैकी एक.

बायकांची नावं इतकी का? पाणी आणायचं काम बायकांचं, हे एक. बारव बांधणं हे पुण्यकर्म आणि राजघराण्यातल्या स्त्रीला स्वतःच्या नावाने करता येण्याजोगं मोजक्या कामांपैकी एक, हे दुसरं. गावातल्या बाईसाठी बारव ही घराबाहेर बसता-बोलता येण्याची जागाही होती. काठावर शेंदूर फासलेले सात दगड दिसतात त्या साती आसरा. पाण्यातल्या देवता. बाळंतिणीने सव्वा महिन्यानंतर पाण्याची पूजा करायची रीत कितीतरी गावांत आहे.

पण फार हळवं व्हायला नको. पंधरा लिटरची भरलेली घागर म्हणजे पंधरा किलो. ती डोक्यावर घेऊन चाळीस ओल्या पायऱ्या चढायच्या, दिवसातून चार-पाच खेपा, कधी पोटुशी असताना. नव्या विहिरीला पाणी लागावं म्हणून सुनेचा बळी दिल्याच्या कथा लोकगीतांत उगाच आलेल्या नाहीत. पाण्याची किंमत कोण मोजतं हे त्या गाणाऱ्या बायांना पक्कं ठाऊक होतं.

‘सगळ्यांसाठी’ म्हणजे कोणासाठी?

बारवांबद्दलच्या लेखांत एक वाक्य हमखास असतं: ‘ही पाण्याची सोय सर्वांसाठी होती.’ नव्हती. ‘आपली पायरी ओळखून राहा’ हा वाक्प्रचार मराठीत आहे, आणि पाणवठ्यावर तो शब्दशः खरा होता. जातीमुळे अस्पृश्य ठरवलेल्यांना कित्येक ठिकाणी पहिली पायरीही उतरता येत नसे. वरून कोणी ओंजळीत ओतेल त्याची वाट बघायची.

महात्मा फुल्यांनी १८६८ मध्ये पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तेव्हा ते केवढं धाडस होतं हे या पार्श्वभूमीवर कळतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्या तळ्यावरचा कज्जा पुढे दहा वर्षं चालला. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला. त्यामुळे नळ आला, हातपंप आला तेव्हा काही वस्त्यांना बारव सुटल्याचं दुःख झालं नाही. आज बारवेवर पणती लावताना हेही आठवणीत असावं, एवढंच म्हणणं.

इतक्या चांगल्या होत्या तर सोडल्या का?

सगळा दोष इंग्रजांच्या किंवा आपल्या आळसाच्या माथी मारायची पद्धत आहे. पण एक कारण असं होतं की त्यापुढे वाद घालता येत नाही: नारू.

आजच्या तिशीतल्या माणसाला हा शब्द फक्त आजी-आजोबांच्या तोंडून माहीत असेल. नारू हा शरीरात वाढणारा, दोऱ्यासारखा, मीटरभर लांब होणारा जंत. वर्षभराने तो बहुतेकदा पायावर फोड आणून बाहेर यायला लागतो. फोडाची आग होते, रोगी पाय गार पाण्यात बुडवतो आणि त्याच क्षणी जंत हजारो पिल्लं पाण्यात सोडतो. ती पिल्लं पाण्यातला बारीक किडा गिळतो आणि तो किडा न गाळलेल्या पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जातो. म्हणजे या रोगाला हवं असतं असं पाणी, ज्यात माणसं पाय बुडवतात आणि तेच पितातही. पायऱ्यांची विहीर याला अगदी तंतोतंत जुळते.

नारूवर लस नाही, औषध नाही. पाणी कापडातून गाळा आणि पिण्याच्या पाण्यात उतरू नका, हाच उपाय. म्हणून निर्मूलन मोहिमेत बारवांच्या पायऱ्या बंद केल्या गेल्या, कठडे बांधून त्यांच्या साध्या विहिरी केल्या, जवळ हातपंप बसवले. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं जाहीर केलं. सार्वजनिक आरोग्यातलं हे मोठं यश आहे, आणि ते बारव बंद करून मिळालं. जुनं ते सगळं सोनं म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यायला हवं.

जाता जाता: देशभर गेलेल्या ‘इंडिया मार्क-२’ हातपंपाची बीजं जालना आणि सोलापूर इथे तयार झालेल्या पंपांत आहेत. बारवांच्या मुलखातच बारवेचा पर्याय जन्मला.

बोअर खोल जाते, मग बिघडलं कुठे?

हातपंपापर्यंत ठीक होतं. १९७२ च्या दुष्काळानंतर बोअरची यंत्रं गावोगाव फिरायला लागली, मग वीज आली, पाणबुडी पंप आले. पायऱ्या उतरायला नकोत, नारू नको, बटण दाबलं की पाणी. शिवाय बोअर बारवेच्या दसपट खोल. मग जास्त पाणी तिलाच लागणार, नाही का?

इथे भाकऱ्यांची चवड पुन्हा आठवा. पाणी धरणारा कुजका, भेगाळ भाग मुख्यतः वरच्या वीस-तीस मीटरांत असतो. जसजसं खाली जाल तसतसा खडक घट्ट आणि भेगा विरळ. पाचशे फुटांवर एखादी भेग लागलीच, तर तिच्यातलं पाणी वरूनच कित्येक वर्षांत झिरपत आलेलं असतं. ती वेगळी तिजोरी नसते. म्हणजे बोअर एक तर बारवेचंच पाणी खालून ओढते, नाही तर फार सावकाश भरणारा साठा फार वेगाने संपवते. शेजाऱ्याची चारशे फूट म्हणून आपली सहाशे फूट, ही शर्यत दोघंही हरतात.

दुसरी गोष्ट वेगाची. आपल्या खडकातून पाणी हळू पाझरतं. सहा इंची भोकात ते येण्याआधीच पंप ओढून मोकळा होतो. बारवेचा घेर मोठा, त्यामुळे रात्रभर सगळ्या सांध्यांतून आलेला पाझर तिच्या पोटात साठतो आणि सकाळी उपसायला मिळतो. हळू पाझरणाऱ्या खडकाला रुंद विहीरच मानवते, हे आजचं भूजलशास्त्रही सांगतं. जुन्या पाथरवटांना ते अनुभवाने कळलं होतं.

पण मला तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. धान्याच्या कणगीचं तोंड उघडं असेल तर घरातल्या प्रत्येकाला दिसतं की जोंधळा अर्ध्यावर आलाय, आता जपून. त्याच कणगीच्या बुडाशी भोक पाडलं आणि तिथूनच धान्य काढायला लागलं, तर शेवटच्या मापापर्यंत धार सारखीच येते आणि एक दिवस अचानक थांबते. बारव ही उघड्या तोंडाची कणगी. माघात कितवी पायरी उघडी पडली हे पाणी भरणाऱ्या प्रत्येक बाईला दिसायचं, आणि त्यावरून उन्हाळा कसा जाणार हे गावाला कळायचं. बोअर हे बुडाचं भोक. मालकालाही कळत नाही खाली किती उरलंय, शेजाऱ्याला तर नाहीच.

राज्याने २००९ मध्ये भूजलाचा कायदा केला, त्यात ६० मीटरहून खोल विहिरींवर निर्बंध आहेत. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या बोअरच्या गाड्या पाहिल्या की त्याचा वचक किती आहे ते कळतं.

एका बारवेत मावतं तरी किती?

आता उलट बाजूची भाबडी समजूत. ‘सगळ्या बारवा जिवंत केल्या तर टँकर लागणार नाही.’ हिशेब करू.

दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद बारवेत तीन मीटर पाणी आहे असं धरा. झालं ३०० घनमीटर, म्हणजे ३ लाख लिटर. सरकारी मापाने माणशी रोज ५५ लिटर पाणी लागतं. दोन हजार वस्तीच्या गावाला १ लाख १० हजार लिटर. पाझर थांबला तर बारव तीन दिवसही पुरत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, तिच्या पहिल्या फेरीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. अशा दोन बारवांनाही कमी.

मग बारवेवर गाव जगायचं कसं? गरजाच कमी होत्या, वस्ती कमी होती, आणि बारव रोज थोडी थोडी भरत राहायची. ती साठवणीची टाकी नव्हतीच. गावाने जलधराला लावलेला तो तांब्या होता. ‘आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ हे आपण भलत्याच संदर्भांत म्हणतो. भूजलाचा सगळा धडा त्या म्हणीत आहे. फक्त इथे आड म्हणजे शिवाराखालचा खडक आणि बारव म्हणजे पोहरा.

त्या आडातलं पाणी जातं कुठे, तेही पाहू. उसाला साधारण २००० मिलिमीटर पाणी लागतं. पावसाचे ६०० वजा करा, उरले १४००. एका एकराला हे होतं जवळपास ५६ लाख लिटर, म्हणजे वरची बारव एकोणीस वेळा काठोकाठ. दुसऱ्या बाजूने मोजा: आपल्या हिशेबात एकरी ६० मिलिमीटर मुरतं, म्हणजे विहिरीवरचा एक एकर ऊस तेवीस एकरांवर मुरलेलं पाणी पितो. ठिबक लावलं तर आकडा खाली येतो, कालव्याचं पाणी असेल तर गणित वेगळं. पण बारव आटली ती दगड ढासळले म्हणून क्वचित. बहुतेकदा ती आजूबाजूच्या पिकांनी आणि बोअरांनी आटवलेली असते.

गाळ काढला की पाणी येईल?

कधी येतं. झरे गाळाने बुजले असतील आणि आसपासची भूजलपातळी अजून बारवेच्या तळाच्या वर असेल, तर गाळ निघताच चारआठ दिवसांत निवळशंख पाणी चढतं. असं झालं की गाव नाचतं, आणि नाचायलाच हवं. पण पातळीच तळाखाली गेली असेल तर कितीही उपसा, हाती कोरडा खडकच लागणार. ते कळायला सोपी युक्ती आहे. काम सुरू करण्याआधी पाचशे मीटरच्या आतल्या दोन-तीन उघड्या विहिरींत दोर सोडून पाणी किती खोल आहे ते मोजा, आणि बारवेच्या तळाशी ताडून बघा. पाव दिवसाचं काम. फसलेलं श्रमदान वाचतं.

टँकरने बारव भरून उद्घाटन करण्याचा मोह टाळावा. सांधे उघडे असतात. जिथून पाणी आत येतं तिथूनच ते बाहेरही जातं.

हौसेपायी होणारं नुकसान याहून मोठं. तळाला काँक्रीट ओतलं की झरे कायमचे बंद. सांध्यांत सिमेंट भरलं तरी तेच, शिवाय भिंतीमागे अडलेलं पाणी चिरे पुढे ढकलतं. पिंपळाची मुळी उपटून काढली तर चार दगड घेऊनच येते. ती कापून हळूहळू मारावी लागते. रंग तर नकोच. आणि बारवेवर स्लॅब टाकून जागा ‘उपयोगात’ आणणं सगळ्यात वाईट. ३० मार्च २०२३ ला, रामनवमीच्या दिवशी, इंदूरमधल्या एका मंदिरात जुन्या बावडीवर घातलेला स्लॅब गर्दीच्या भाराने खचला आणि ३६ माणसं गेली. खाली विहीर आहे हे तिथे बसलेल्या कितीकांना ठाऊकही नसेल.

सुरुवात करण्याआधी सातबारा पाहून बारव कोणाच्या नावावर आहे ते बघा, आणि ती संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्या. मग तिचं पाणी प्यायचंच असेल तर तपासून, आणि पायऱ्यांवरून थेट नाही. पंपाने वर घेऊन, शुद्ध करून. नारू गेलाय, बाकीचे जंतू आहेत तिथेच आहेत.

आणि पाणी नाही चढलं तरी बारवेचं एक काम उरतंच. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून काही ठरावीक वेळा मोजते. तुमच्या गावची बारव त्या यादीत असेलच असं नाही. पण दसऱ्याला आणि गुढीपाडव्याला वरून किती पायऱ्या उघड्या आहेत ते शाळेतली पोरं मोजू शकतात. आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायचा, शेजारी मागच्या वर्षीचा. रब्बीला काय पेरायचं, नवी बोअर घ्यायची की नाही, यावर ग्रामसभेत भांडण होईल तेव्हा निदान तो आकडा सगळ्यांसमोर असेल.